पठारावरचे डोळे

पोवळ्यांना पापण्या होत्या.

नमिताने प्रतिकृतीवरचा प्लास्टिकचा कागद आणखी थोडा ओढला. स्पंजालाही डोळे होते. समुद्रताऱ्याच्या पाचही टोकांना एकेक होता. कोपऱ्यातल्या मुशी माशाच्या डोळ्यांत तर अशी करुणा होती, की तिच्यापुढे मोदक ठेवावा.

तिने कडेवरच्या ऋतुजाच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग डोळे मिटून पुन्हा उघडले. पोवळी अजून तिच्याकडेच बघत होती.

"अण्णा, हे काय हो?"

"आखणी." सासरे ब्रश पुसत म्हणाले. हमरापूरच्या त्यांच्या कारखान्यात गणपतीचे डोळे तेच आखत, सगळ्यात शेवटी. "तू पोरीला घेऊन पेणला डॉक्टरकडं गेलीस. म्हटलं, तेवढंच राहिलंय, उरकून टाकू."

"मी माशांना डोळे काढायला सांगितलं होतं!"

"तूच म्हणालीस गो, भर समुद्रात पाण्याखाली पठार हाय, आन् त्याच्यावर दगड दिसतो तोपण जिता हाय."

"जिवंत आहे, पण—"

"मग आंधळा ठेवू?"

बाहेर टेंपो थांबला. या पठाराची प्रतिकृती करून देते, असं तिनेच रोहेकर सरांना सांगितलं होतं. सरांनी तिला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं होतं. आता ते त्या पठारासाठी बंदरोबंदर हिंडत होते. रविवारी रोह्याला ट्रॉलरवाल्यांची सभा होती. पठारावर जाळी ओढायची की नाही, ते तिथे ठरणार होतं.

सरांच्या मागून जगनशेठ उतरले. त्यांचे स्वतःचे तीन ट्रॉलर, आणि ते मान हलवतील तशा बाकीच्यांच्या माना हलत. बर्फाचा टेंपोही त्यांचाच. ड्रायव्हर डोलवीच्या कंपनीत लागल्यामुळे शेठ स्वतः चालवत आले होते.

"वडखळपासून सरांना एकच इचारतोय," ते अंगणातूनच म्हणाले. "तिथं खाली राहतंय कोण? खडक हाय. खडकाला जाळं घासलं तर खडक रडतो काय? चला, उचला लवकर. बांधायला जाळं हाय माझ्याकडं."

सर आत आले. त्यांनी प्रतिकृती पाहिली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावून पाहिली.

"नमिता, तू विद्यापीठात पहिली आली होतीस ना?"

"दुसरी, सर."

"हां. तरीच." ते खाली वाकले. "माशांचे राहू देत. बाकीचे सगळे डोळे पुसून टाका. शेठ मला हसून हसून मारतील."

"आखलेला डोळा पुसत नाय सर," अण्णा म्हणाले. "आखलेल्याला हात लावायचा नाय, ही या घरची पहिली अक्कल. पोरं चालायच्या आधी शिकतात. तुम्हाला पुसायचा तर पुसा." आणि त्यांनी ओलं फडकं पुढे केलं. कारखान्यातल्या रंगवणाऱ्या माणसांना एकदम खूप काम निघालं.

सरांनी फडकं घेतलं. स्पंजापर्यंत नेलं. स्पंजाने त्यांच्याकडे मायेने पाहिलं.

"तू पूस," सर नमिताला म्हणाले. "तुला... वर्गीकरण माहीत आहे."

फडकं घ्यायला तिने ऋतुजाला खाली ठेवलं. चूक झाली ती तिथेच. गेल्याच आठवड्यात ऋतुजाने अजून न रंगवलेल्या शाडूच्या उंदराचा कान खाल्ला होता, त्याआधी एक अख्खा मोदक. ती सरळ पठाराकडे धावली. पोवळी तिच्या तोंडाच्या उंचीवर होती, वरून गुलाबी. ओला रंग, त्यात काय काय असतं कोण जाणे, आणि कालच ताप उतरलेला. "ऋतु! नको!"

ऋतुजाचा हात पोवळ्याच्या अगदी जवळ जाऊन थांबला. तिने पोवळ्याकडे पाहिलं. पोवळ्याने तिच्याकडे. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"डोळे आले," ती म्हणाली. "हात नाय."

अण्णांनी सरांकडे पाहिलंसुद्धा नाही. ब्रशच पुसत राहिले.

नमिता वळली. दारात जगनशेठ उभे होते. त्यांची एक चप्पल उंबऱ्याबाहेर होती, आणि दुसरी ते पायानेच काढत होते.

तिने फडकं कमरेला खोचलं. "असू देत सर."

"अगं, पण शास्त्र?"

"पाटी लावू. पोवळ्यांना डोळे नसतात म्हणून."

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग शेठच्या चपलांकडे. "बारीक अक्षरात लाव," ते हळूच म्हणाले.

चौघांनी पठार उचललं. सवयीने कुणीतरी "गणपतीबाप्पा" म्हणालं, आणि बाकीच्यांनी अवघडून, हळू आवाजात "मोरया" म्हटलं. टेंपोत ठेवताना सर "सावकाश, सावकाश" म्हणत राहिले.

जगनशेठनी सीटमागून जुनं जाळं ओढून काढलं. झटकलं, दोन्ही हातांनी पसरलं आणि पठारावर टाकायला वर नेलं. खालून सगळे वर बघत होते. मुशी, शेवंड, स्पंज, आणि पापण्यांसकट पोवळी.

शेठचे हात तसेच राहिले. मग त्यांनी जाळं खाली घेतलं, घडी घातली आणि काखेत धरलं.

"अण्णा," ते म्हणाले, "साधी दोरी हाय काय?"