उत्तराच्या पानावरचा टोमॅटो

अकरा दिवस उरले होते आणि टोमॅटो अजून हिरवाच होता.

ढुंढिराजांनी व्हर्निअर कॅलिपर फळाला लावलं. एकशे अठरा मिलिमीटर. कालच्याइतकंच. म्हणजे वाढ थांबली होती, आता फक्त रंग चढायचा होता. अंबडच्या कारखान्यात चौतीस वर्षं लोखंड मोजलेल्या माणसाला झाडाबद्दल एवढंच कळत होतं. बाकीचं सगळं त्यांच्या बायकोला, उत्तराला कळायचं.

उत्तरा मागच्या माघात, वद्य पंचमीला गेली. येत्या पंचमीला वर्षश्राद्ध होतं. त्या दिवशी तिच्या नावाच्या पानावर तिच्याच बियाण्याचा, तिच्याच वाफ्यातला, झाडावर पिकलेला टोमॅटो वाढायचा, हे ढुंढिराजांनी तेराव्यालाच ठरवलं होतं. आयुष्यात त्यांनी तिला हाताने काही करून घातलं नव्हतं. हे एक तरी घालायचं होतं.

बियाणं तिच्या माहेरचं, नामपूरचं. गावठी, पाकळ्यापाकळ्यांचा टोमॅटो, एकेक फळ पाऊण किलोचं. बिया तिने वर्तमानपत्रावर वाळवून चहाच्या डब्यात ठेवल्या होत्या. त्यांतल्या नऊ उगवल्या. चार रोपं गोगलगायींनी खाल्ली. दोन ढुंढिराजांनी पाणी घालून घालून सडवली. दोन थंडीने करपली. उरलेल्या एका झाडावरची बाकी सगळी फुलं त्यांनी खुडून टाकली आणि एकच फळ ठेवलं. खुडताना जिवावर आलं, पण ती असंच करायची.

फळ जड झालं तेव्हा त्याला त्यांनी आपल्या बनियनची झोळी बांधली.

"बाबा, बनियन टोमॅटोला आणि तुम्ही थंडीत नुसत्या शर्टावर," सून मृण्मयी म्हणाली. "सर्दी झाली तर टोमॅटो येणारे का काढा करायला? मी म्हणते, काढून तांदळात ठेवू. चार दिवसांत लाल होईल."

"तांदळात पिकवलेला तुझ्या सासूनं कधी कापला होता?"

"मग बाजारातून मोठा बघून आणते."

"बाजारात चेंडू मिळतात. आपटले तर परत हातात येतात."

मृण्मयी हसली. या माणसाला आता कोणी हलवू शकणार नाही, हे तिला कळलं होतं.

देवव्रत गुरुजी यादी द्यायला आले तेव्हा त्यांनीही मान हलवली. "श्राद्धाच्या स्वयंपाकात टोमॅटो चालत नाही, ढुंढिराज."

"जेवायला तुम्ही येणार की ती?"

"शास्त्र म्हणून काही..."

"गुरुजी, शास्त्र तुम्ही सांगा. तिला काय आवडायचं ते मी सांगतो."

ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनी तिला याच वाफ्यापाशी उकिडवं बसून टोमॅटो खाताना पाहिलं होतं. एका हातात मिठाची पुडी, दुसऱ्या हातातून रस कोपरापर्यंत ओघळलेला. त्यांना बघून ती लाजली, पण खायची थांबली नाही. पुढे संसार वाढला, ती सगळ्यांच्या मागून जेवायला लागली. पण टोमॅटो पिकला की पहिली फोड ढुंढिराजांच्या हातावर ठेवायची आणि त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहायची.

"कसा झालाय?"

"गोड."

"मीठ लागेल?"

"नको."

एवढं ऐकलं की स्वारी खूश होऊन आत जायची.

गुरुजींनी चष्मा पुसला. "तिच्या पानावर वेगळा वाढा. मी तिकडे बघणार नाही."

थंडी हटेना. दुपारी तीननंतर वाफ्यावर भिंतीची सावली यायची. ढुंढिराजांनी कपाटाचा आरसा स्क्रू काढून खाली आणला आणि समोरच्या कुंपणाला असा टेकवला, की उतरतं ऊन फळावर पडावं. दर अर्ध्या तासाने ते आरसा दोन बोटं सरकवत. मृण्मयी आठवडाभर बागेत उभी राहून टिकली लावत होती.

सहा दिवस उरले तेव्हा फळाचा तळ पिवळसर झाला. चार दिवस उरले तेव्हा नारिंगी. पंचमीच्या सकाळी ढुंढिराज अंघोळ करून वाफ्यात आले, तर टोमॅटो देठापर्यंत लाल. त्यांनी तो दोन्ही हातांनी काढला. आठशे बारा ग्रॅम भरला.

उत्तरा सवाष्ण गेली होती, म्हणून तिच्या जागी सवाष्ण जेवायला बसवायची होती. नांदगावहून तिची धाकटी बहीण संपदा आली. गुडघ्यांमुळे वर्षभर तिचं येणं झालं नव्हतं.

"भाऊजी, नुसती हाडं राहिली की तुमची! केलंत काय वर्षभर?"

"पान वाढलं की कळेल."

संपदासाठी टेबलावर पान मांडलं. मृण्मयीने वरण-भात, खीर, वडे वाढले. मग ढुंढिराज स्वतः ताटली घेऊन आले आणि टोमॅटोची बोटभर जाड फोड त्यांनी पानावर ठेवली. सगळ्या पाकळ्या भरलेली, रसाने चमकणारी. शेजारी चिमूटभर मीठ ठेवलं.

गुरुजी खिडकीबाहेर बघत होते.

संपदाने पानाभोवती पाणी फिरवलं. तिची नजर फोडीवर गेली आणि हात थांबला.

"खा ना," ढुंढिराज म्हणाले. "नामपूरचंच बियाणं आहे. मी वाढवलाय. तिच्यासाठी. तिला दुसरं काही इतकं आवडायचं नाही."

"आवडायचा, म्हणून तर..." संपदाने फोड उचलली आणि हलकेच पानाबाहेर ठेवली. तिचे डोळे भरून आले होते. "तुम्हाला बायपाससाठी आत नेलं, तेव्हा मी होते तिच्या शेजारी. तुम्ही वाचावेत म्हणून तिनं तिथंच हात जोडून टोमॅटो सोडला, जन्मभरासाठी. एकवीस वर्षं एक फोड तोंडात घातली नाही तिनं. आज तिच्या जागी बसून मी कशी खाऊ, भाऊजी?"