तिसरी पायरी

तिसऱ्या पायरीवर बिल्ड पुन्हा आपटला. पडद्यावर तीच लाल ओळ: एक फाईल सापडत नाही. मिनलने टेबलावर मूठ हाणली. सकाळपासून ही अकरावी खेप.

चाकणच्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमधलं सुटे भाग कापणारं जुनं मशीन दोन दिवस मुकं उभं होतं. चूक आप्पांची, म्हणजे तिच्या वडिलांची, हिंदुरावांची. खंडेनवमीला त्यांनी मशीनसोबत कॉम्प्युटरचीही पूजा केली, आणि नारळ फोडला तो नेमका त्याच्या डब्यावर. पाणी आत गेलं. देव पावला असेल, कॉम्प्युटर मात्र गेला.

मशीन चालवणारा प्रोग्राम त्यातच होता. नवा कॉम्प्युटर आला, पण प्रोग्राम तयार कुठे मिळणार? त्याचा मूळ कोड इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवलेला होता. तो उतरवायचा आणि सोबतच्या सूचना वाचत पायरीपायरीने त्यातून चालणारा प्रोग्राम आपला आपण बनवायचा, म्हणजे बिल्ड करायचा. चार वाजता मोठ्या कंपनीचा माणूस पहिला नग बघायला येणार होता. नग नाही तर ऑर्डर शेजारच्या शेडला, आणि यांच्या शेडला कुलूप. दोन वाजून गेले होते.

"कुणी लिहिलंय गं हे? कुठलं बेणं हाय?" आप्पा तिच्या डोक्यावर उभे राहून म्हणाले. "आर्धं सांगायचं आन् आर्धं पोटात ठेवायचं! असल्याला मी आपल्या शेडमदी एक दिस ठेवला नसता."

मिनलने सूचना पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतल्या. कोड तिचाच होता, सूचनाही तिच्याच. चार वर्षांपूर्वी, त्याच नारळपाण्यात गेलेल्या कॉम्प्युटरवर बसून तिने त्या मोठ्या ऐटीत लिहिल्या होत्या. आप्पांना वाटायचं, पोरगी कुठूनतरी उतरवून घेते. आता सापडत नसलेली फाईल त्या कॉम्प्युटरवर आयती पडून होती, म्हणून तिचं कधी अडलंच नाही. कोडसोबत इंटरनेटवर चढवायची राहिली ती राहिली. आता तर त्यातले मशीनचे आकडेही आठवेनात.

"आप्पा, जरा बाहेर बसा ना!"

"बसतो की. मी काय करतोय?" ते हलले नाहीत.

तिने ती लाल ओळ जशीच्या तशी गूगलमध्ये टाकली. सगळ्या जगात एकच उत्तर निघालं, तेही तिच्याच कोडच्या पानावरचं. तीन वर्षांपूर्वीची तक्रार. पुनावळ्याच्या कुणा बुद्धरत्नने लिहिलं होतं, 'मॅडम, आमचंही मशीन हेच आहे. तिसऱ्या पायरीला अडतंय. एक फाईल सापडत नाही.' खाली तिचं उत्तर, 'माझ्याकडे व्यवस्थित चालतं. सूचना नीट वाचा.' आणि तक्रार तिनेच बंद करून टाकलेली.

शी! मिनलला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याखाली त्याने आणखी काही लिहिलं होतं. बंद केलेल्या तक्रारीकडे तिने कधी वळून पाहिलंच नव्हतं. 'पंधरा दिवस लागले, पण फाईल मीच लिहून काढली. इथे जोडतोय. दुसऱ्या कुणाचे पंधरा दिवस जायला नकोत. अडलं तर फोन करा.' आणि नंबर.

तिने ती फाईल घातली. तिसरी पायरी गेली, चौथी गेली. चारला वीस कमी असताना मशीन गुरगुरलं. पहिला नग आप्पांनी स्वतः काढून तळहातावर घेतला. गरम होता, तरी सोडला नाही.

"कुणामुळं झालं गं?"

"पुनावळ्याचे एक आहेत."

"मग फोन लाव की, देवमाणूस हाय! आन् त्या अर्धवट लिहिणाऱ्याला बी सांग..."

"ते मीच लिहिलंय, आप्पा."

आप्पांनी नग खाली ठेवला.

"मग आदी माफी माग," ते म्हणाले. "आन् नाव सांगून माग."

गेटबाहेर कंपनीची गाडी थांबली. मिनलने नंबर लावला. पहिल्याच रिंगला पलीकडून फोन उचलला गेला.

"हां, बोला. कोण बोलतंय?"