झाकणाची चूक

पेशींची नासलेली प्लेट मेघानं मुद्दाम शेवटी बघायला ठेवली होती.

चूक तिचीच. प्लेटीचं नाव बुडाला लिहायचं, तर या बाईसाहेबांनी ते झाकणावर लिहिलं. सोमवारी पुसताना झाकणांची अदलाबदल झाली आणि दुसऱ्याच प्रयोगासाठीचा पेरॉक्साइडचा, म्हणजे विषाचा, हलका डोस नको त्या प्लेटीत पडला. मंगळवारी दोन्ही प्लेटींना ठरलेला जबर डोस दिला. साठ्यातल्या पेशी संपलेल्या. उरल्या या दोनच प्लेटी. "पुन्हा गोंधळ झाला तर विषय बदला," असं तिचे मार्गदर्शक राजेंद्र सरांनी बजावलेलं. तीन वर्षांची पीएचडी एका झाकणापायी पाण्यात! सरांना तिनं अजून सांगितलंच नव्हतं.

उस्मानपुऱ्यातल्या त्या प्रयोगशाळेत तिच्याशेजारी तिची आई, भामाबाई, बसली होती. चिकलठाण्याच्या कारखान्यात ती मशिनीखालचा लोखंडी कीस उचलते. कामाची पाळी संपवून थेट डबा घेऊन आली होती.

मेघानं पहिली प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. सगळ्या पेशी मेलेल्या. व्हायचं तेच झालं होतं.

"बघ, माय."

भामाबाईनं पदर सावरून डोळा लावला.

"फुटून घाण केली नाय गं कुणी. बारकी बारकी गठुडी बांधून गेल्यात."

"तशाच मरतात त्या. नुकसान हाताबाहेर गेलं की आपलं आपण आवरून घेतात. शेजारणीला त्रास नको."

"मरताना बी?"

"मरताना बी."

मग मेघानं नासलेली प्लेट घेतली. नुसतं बघायचं आणि ओतून द्यायचं. तिनं डोळा लावला आणि "अगं बाई!" म्हणून उभीच राहिली. पेशी तळाला घट्ट धरून पसरल्या होत्या. चांगल्या धडधाकट! तिनं वही तपासली, पुन्हा डोळा लावला, पुन्हा वही तपासली. अंगावर सरसरून काटा आला.

"काय झालं गं?"

"माय, ह्या जित्या हायत! विषानं आतली प्रथिनं मोडतात. मोडकं साचलं की पेशी मरते. पण सोमवारी ह्यांनी थोडं चाखलं ना, तेवढ्यावर मोडकं कापून काढणारी यंत्रं वाढवून ठेवली असणार. एका दिवसात!"

"म्हंजी कीस उचलणाऱ्या बाया वाढवल्या." भामाबाई हसली. "आमच्या सायबाला एवढी अक्कल कधी यायची?" मग तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि तिचा आवाज खाली आला. "इतकुसा जीव. त्याला कोण सांगतं गं हे?"

मेघानं वही पुढ्यात ओढली.

हे ठरवून केलं, असं वहीत लिहिता आलं असतं. कुणाला कळणार होतं? तिनं सोमवारचं पान उघडलं आणि लिहिलं : 'झाकणं बदलली. चूक माझी.' खाली सही केली. मन एकदम मोकळं झालं.

"सरांना बोलावते," ती दाराकडे निघाली.

भामाबाईनं सूक्ष्मदर्शकावरचा डोळा काढला नाही. नुसताच हात वर केला.

"बोलाव. पण हळू चाल," ती कुजबुजली. "हितं एकीच्या दोन व्हायल्यात."