आरोग्याचा दाखला

"मावशी, दाखला आत्ता देता येणार नाही," डॉक्टर तृप्ती म्हणाल्या.

लंकाबाईनं मांडीवरची पिशवी घट्ट धरली. पिशवीत आधार कार्ड होतं, दोन फोटो होते आणि महापालिकेच्या कार्यालयातून आणलेला अर्ज होता. इंदिरानगरात तीन वर्षं ती हातगाडीवर पिठलं-भाकरी विकत होती. आता गाडीची रीतसर नोंदणी करायची होती, म्हणजे कुणी ऊठ म्हणणार नव्हतं. सगळे कागद जुळले होते. हा एकच राहिला होता.

"मला काय झालंय? साधी सर्दी होत नाय मला."

"तुम्हाला त्रास नाही, हे खरं आहे. पण तुमच्या पोटात टायफॉईडचे जंतू आहेत. पहिल्या तपासणीत शंका आली म्हणून मी पुन्हा नमुना मागवला. दोन्ही वेळा तेच निघालं." डॉक्टर सावकाश बोलत होत्या. "काही जणांचा ताप जातो, पण जंतू वर्षानुवर्षं अंगात राहतात. त्यांना स्वतःला काही होत नाही. त्यांच्या हातचं खाणाऱ्याला मात्र होऊ शकतं. कधी मोठा ताप आला होता का तुम्हाला?"

"बाळंतपणानंतर आला होता. एकवीस दिवस. पण त्याला लय वर्षं झाली."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. "औषधानं बहुतेक बरं होतं. तोवर गाडी बंद. घरातला स्वयंपाकही दुसऱ्या कुणाला करू द्या. घरच्यांपैकी कुणाला टायफॉईड झाला होता?"



"पोराला झाला होता. सात वर्षांखाली."

"आता कसा आहे तो?"

लंकाबाईनं नकारार्थी मान हलवली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

महेश वीस वर्षांचा होता. आयटीआयला जायचा. त्याला बाहेरचं खाणं चालत नसे. रोज सकाळी आईच्या हातचा डबा लागायचा. त्या वर्षी नवरात्रात तो देवीच्या गडावर गेला आणि वणीला मावशीकडे चार दिवस राहिला. परत आला आणि दहा-बारा दिवसांत तापानं फणफणला. आतड्याला भोक पडलं. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता.

दहाव्याला घाटावर लंकाबाईनं सगळ्या भावकीसमोर धाकट्या बहिणीचा, साधनाचा, दंड धरला होता. "तुझ्या घरच्या पाण्यानं माझं पोर नेलं," असं ती ओरडली होती. साधना मान खाली घालून उभी होती. त्या दिवसापासून लंकाबाईनं तिचं दार पाहिलं नव्हतं. भाचीच्या लग्नालाही गेली नव्हती.

"तेव्हा कशानं झाला, ते आता कुणीच सांगू शकणार नाही," डॉक्टर म्हणत होत्या. "पाणी असेल, आणखी काही असेल. मावशी, ऐकताय ना?"

लंकाबाई स्वतःच्या हातांकडे बघत होती. हे हात कुठं ठेवावेत, तेच तिला कळेना. वीस वर्षांत पोरगं दुसऱ्याच्या हातचं जेवलं ते चार दिवस. बाकी सगळे दिवस तिचे होते.

ती दवाखान्यातून बाहेर पडली. नवरा, गोरक्ष, गाडीपाशी वाट बघत होता, तिकडे ती गेलीच नाही. रिक्षानं स्टँडवर आली आणि वणीच्या एसटीत बसली. दिंडोरी कधी आलं आणि कधी गेलं, तिला समजलं नाही.

साधना अंगणात टोमॅटो निवडून क्रेट भरत होती. फाटकात बहिणीला पाहून ती ताडकन उठली. काही न विचारता आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"जवळ येऊ नको," लंकाबाई म्हणाली. तिनं हात पदराखाली लपवले होते. उभ्या उभ्या तिनं सगळं सांगून टाकलं. दाखला, जंतू, डॉक्टर काय बोलल्या ते.  "तुझ्या घरचं काय नव्हतं गं. मीच होते."

 साधना तांब्या ओट्यावर ठेवून म्हणाली, "माझ्या घरचं नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं होतं."

लंकाबाईनं मान वर केली.

"महेश गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातले लोक आले होते. विहिरीचं पाणी नेलं. आम्हा सगळ्यांना तपासलं. कुणातच काय निघालं नाय. दहाव्याच्या आदल्या दिवशी तसा कागद आला."

"मग सांगितलं का नाय?"

"दाखवायलाच आणला होता. घाटावर माझ्या पिशवीत होता तो."

"पिशवीत होता?" लंकाबाई मटकन ओट्यावर बसली. "एवढ्या लोकांत मी तुला तसलं बोलले. सात वर्षं तोंड पाहिलं नाय तुझं. आणि तू कागद काढला नाय?"

"धडधाकट माणसाकडून ताप लागतो, हे मला कुठं ठाऊक होतं? मला वाटलं, तुमच्याकडच्या पाण्यात काय असंल." साधना तिच्याजवळ बसली. पदराखालचे दोन्ही हात तिनं ओढून आपल्या हातात घेतले. "पण त्यानं तुझ्या नायतर माझ्याच हातचं खाल्लं होतं, आक्का. मी माझं नाव काढून घेतलं असतं, तर मग कुणाचं उरलं असतं?"