सुपूर्द

वकिलांनी कागदावरच्या एका शब्दाखाली नख ओढलं.

"हा शब्द कुणी लिहिला?"

"आमच्या गावच्या तात्यांनी," बन्सी म्हणाला. "मामलेदार कचेरीत कारकून हुते पूर्वी."

"तरीच. 'मुलगी पुष्पा ही छबूबाईस सुपूर्द केली.' इथं 'दत्तक दिली' असं असतं, तर तुम्हाला नगरला यावं लागलं नसतं."

त्याची बायको छबूबाई बाकाच्या कडेला टेकली होती. "सुपूर्द म्हंजी दिलीच की, साहेब."

"नाही, बाई. सोपवली. चोरीचा बैल सापडला तर खटला संपेपर्यंत पोलीस तो कुणाच्या तरी गोठ्यात सुपूर्द करतात. चारापाणी त्यानं करायचं. बोलावलं की कोर्टात आणून उभा करायचा. ताबा त्याचा, पण बैल त्याचा नाही."

"माझी पोर बैल हाय व्हय?"

वकिलांनी कागदाची घडी घातली.

तीन वर्षांपूर्वी लंकाबाई शेवगावकडून ऊसतोडीला देवळाली प्रवऱ्याला आली होती. हंगाम संपता संपता उसाची गाडी उलटली आणि तिचा नवरा मोळ्यांखाली सापडला. दोन वर्षांची पुष्पी तेव्हा तापानं फणफणलेली होती. छबूबाईनं तिला पाचटाच्या कोपीतून उचलून घरी आणलं. टोळी परत निघाली, तेव्हा तिकडं गावी दुष्काळानं प्यायला पाणी नव्हतं. लंकाबाईनं कागदावर अंगठा उठवला आणि मागं न बघता निघून गेली.

छबूबाईची कूस उजवली नव्हती. पुष्पी बरी झाली, बोलायला लागली, बन्सीच्या मागं मागं मळ्यात जाऊ लागली. तिची आई छबूबाईच होती.

नंतर लंकाबाई दोनदा आली. पहिल्यांदा छबूबाईनं पोरीला शेजारी लपवलं आणि गावाला गेलीय म्हणून सांगितलं. दुसऱ्या खेपेला आतून कडी घातली. पोरीला मांडीवर दाबून तिच्या तोंडावर हात धरला. बाहेरून लंकाबाई म्हणत राहिली, "बाई, येक बोलायचं हुतं." शेवटी बन्सीच्या धाकट्या भावानं, राधाकृष्णानं, "तुझ्या पोरीचा हितं काय बी हक्क न्हाई," म्हणत तिला ओट्यावरून हुसकावून लावलं.

मग कोर्टाची नोटीसच आली. दुष्काळी कामावर खडी फोडणारी बाई कोर्टाची पायरी चढली होती.

तारखेच्या आदल्या दिवशी राधाकृष्ण घरी आला.

"वहिनी, भांडू नगा. ज्याचं त्याला देऊन मोकळं व्हा. नुसती सांभाळायला ठेवल्याली पोर. तिचा ह्या घरात काय हक्क? माझी पोरं हायेत की तुमाला. उद्या दादाचा मळा तीच बघतील."

छबूबाई पुष्पीच्या नव्या परकर-पोलक्याची घडी घालत होती. घडी नीट बसेना.

तो गेल्यावर ती बन्सीला म्हणाली, "आपुन हिला घिऊन जाऊ कुटंतरी."

"कुटं?" बन्सी म्हणाला. त्यानं तोंड फिरवलं.

कोर्टात लंकाबाई भिंतीला लागून उभी होती. अंगावर नुसती हाडं राहिली होती. पुष्पी पाच हातांवर उभी असूनही ती तिच्याकडे बघत नव्हती. छबूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पोर मागायला आलीस, आणि तिच्याकडं ढुंकून बघवत नाही?

"कागदावरचा अंगठा तुमचा?" न्यायाधीशांनी लंकाबाईला विचारलं.

"हाव."

"दत्तक द्यायची म्हणून उठवला होता?"

"न्हाई, साहेब. ते काई बोलणं झालं नव्हतं. सांभाळा म्हनले मी."

छबूबाईच्या वकिलांनी मान खाली घातली. न्यायाधीश छबूबाईकडे वळले.

"आई भेटायला आली, तेव्हा मुलीला भेटू दिलंत?"

वकिलांनी काय सांगायचं ते शिकवलं होतं. छबूबाईनं एकदा पुष्पीकडं बघितलं.

"न्हाई. लपवली. दोन्ही टायमाला."

पुढं फार बोलणं झालं नाही. सुपूर्द याचा अर्थ सांभाळासाठी सोपवणं एवढाच होतो; त्यानं आईचा हक्क जात नाही. मुलीचा ताबा आईकडे द्यावा, असं न्यायाधीशांनी सांगितलं. मागच्या बाकावर राधाकृष्णानं सुस्कारा सोडला.

लंकाबाई पुढं आली तशी पुष्पी किंचाळली. तिनं छबूबाईचं लुगडं दोन्ही मुठींत धरलं. बेलीफ जवळ आला. छबूबाईनं त्याला हातानंच थांबवलं आणि पोरीचं एकेक बोट स्वतःच सोडवलं.

"जा, माझी बाय. ती तुझी आई हाय."

बन्सी खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

लंकाबाईनं रडणाऱ्या पोरीला कडेवर घेतलं. आता कुठं तिनं तिच्याकडं नीट बघितलं. कपाळावरचे केस मागं सारले, गालावरून हात फिरवला. पण ती दाराकडं वळली नाही.

"साहेब, ही आता मपलीच ना? कायद्यानं?"

"तुमचीच."

"कुनी आडवं येनार न्हाई?"

"नाही."

"मंग हिला कुनाला द्यायची तर मला देता येती?"

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. "येते. पण कुणाला द्यायची आहे?"

मागच्या बाकावरून राधाकृष्ण उठून उभा राहिला.

लंकाबाई छबूबाईपुढं गेली आणि पोर तिच्या हातांत ठेवली.

"हिला. हिच्या मालकाच्या नावानं, घरादारासकट. दत्तक म्हना न्हाई तर काय म्हनत्यात ते, पन साहेब, ह्या खेपेला शबूद नीट लिवा."