मीठ लावलेले बोंबील

कमळाकरने दोरीवरचा एक बोंबील काढला आणि दोन्ही हातांनी मोडायला घेतला. बोंबील मोडला नाही. पट्ट्यासारखा वाकला आणि सोडल्यावर सावकाश सरळ झाला.

त्याने दुसरा काढला. तोही वाकला.

बायको सत्यवती बांधायची तशीच दोरी त्याने गच्चीवर बांधली होती. जबड्यात जबडा अडकवून बोंबलांच्या जोड्या तशाच टांगल्या होत्या. हायवेची धूळ बसू नये म्हणून वरून मच्छरदाणी घातली होती, तीही तिचीच, ठिगळं लावलेली. दुपारी जोड्या फिरवायच्या, संध्याकाळी झाकायच्या, हे सगळं त्याने केलं होतं.

आज जावई डबा न्यायला येणार होता. दरवर्षी मृगाच्या आधी कोन गावाहून सुक्या बोंबलांचा डबा द्रोणागिरीला लेकीकडे जायचा. सत्यवती दिवाळीत गेली. अंकिताला आता सातवा महिना लागला होता. बाळंतपणाला ती माहेरी येणार नव्हती, माहेरी करणारं कोणी राहिलं नव्हतं. बाजारातलं सुकं खाऊ नका, कुठे वाळवतात, कसली पावडर मारतात कळत नाही, असं तिला डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. फोनवर ती एवढंच म्हणाली होती, "बाबा, आईसारखे पाठवा."

शेजारच्या घरातली त्याची थोरली वहिनी, शांती, गुडघ्यांवर हात ठेवत जिना चढून वर आली. तिने एक बोंबील वाकवून बघितला. मग त्याचं टोक जिभेला लावलं.

"मीठ लावलंस?"

"लावलं. टिकाय पायजेत ना, वयनी."

"बोंबलाला कोन मीठ लावतं रं?"

कमळाकरने हातातला बोंबील पुन्हा दोरीवर अडकवला. त्याचा बाप मिठागरावर होता आणि मिठागर बंद होईपर्यंत तोही तिथेच होता. कैरी असो, आवळा असो, त्यांच्या घरात जे टिकवायचं त्याला मीठ लागायचं. पोरीच्या पोटात बाळ आहे म्हणून यंदा त्याने हात आणखी सैल सोडला होता.

"तुज्या मिठाच्या गोनी पावसाल्यात कशा पाजरायच्या," शांती म्हणाली, "इसरलास?"

विसरला नव्हता. गोणींखाली फळ्या टाकल्या तरी जमीन ओली व्हायची. मीठ हवेतलं पाणी ओढतं हे त्याला कोणी सांगायला नको होतं. पण हातात तिचे बोंबील आले तेव्हा ते आठवलं नाही.

शांतीने मग सरळच सांगितलं. हे डब्यात गेले तर आठवड्यात बुरशीने हिरवे पडतील. आपल्यासारखं म्हातारं माणूस एक वेळ खाईल आणि पोट धरून बसेल, पण दोन जिवांच्या बाईला हे द्यायचं नाही. आणखी दोन उन्हं देतो, तो म्हणाला. शांतीने माथेरानच्या डोंगराकडे बोट केलं. तिकडे ढग बसले होते. तिच्या दोरीवरची कालची लुगडी अजून दमट होती. तव्यावर शेकू का, त्याने विचारलं. वरून जळतील आणि आत ओलेच राहतील, ती म्हणाली. डबा यंदा राहू दे, पोर समजून घेईल.

कमळाकरने वर आणून ठेवलेल्या डब्याकडे बघितलं. पोर समजून घेणार होती, हे त्यालाही माहीत होतं. पण या घरातून तो डबा रिकामा जायला नको होता.

सत्यवती दाबून बघायची नाही, दिवस मोजायची नाही. भर दुपारी गच्चीवर जायची, एक बोंबील कानाशी धरून मोडायची. टक वाजला की सगळे उतरवायची. शेवटची काही वर्षं तिला कमी ऐकू यायचं. मग ती कमळाकरला वर बोलवायची, बोंबील त्याच्या कानाशी मोडायची आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. वाजला का? तिला ऐकू जावं म्हणून तो एवढ्या जोरात ओरडायचा, की आळीतली माणसं त्याला नंतर विचारायची, आज काय वाजलं रे म्हाताऱ्या?

"ह्ये येगले दिसतात," शांती दोरीच्या पार टोकाला जाऊन म्हणाली.

तिथे चारसहा जोड्या पिवळसर दिसत होत्या, बाकीच्यांसारख्या पांढुरक्या नव्हत्या. तिथपर्यंत येताना वाटीतलं मीठ संपलं होतं आणि पुन्हा जिना उतरायचा त्याला कंटाळा आला होता. बिनमिठाचे ते, टिकणार नाहीत, पोरीला द्यायचे नाहीत, आपणच खाऊन टाकू, म्हणून त्याने ते शेवटाला टांगले होते.

खाली जावयाची, हितेशची मोटरसायकल येऊन थांबली. त्याने "मामा" म्हणून हाक मारली.

कमळाकरने त्या टोकाचा एक बोंबील काढला. कानाशी नेला. सत्यवती त्याच्याहून ठेंगणी, तिचा हात त्याच्या कानापर्यंत नीट पोचायचा नाही. त्याने मान तेवढी खाली वाकवली आणि बोंबील मोडला.

टक.

"वाजला," तो ओरडला.

शांती त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती आणि तिचे कान चांगले होते. तिने डब्याचं झाकण काढलं आणि डबा त्याच्यापुढे धरला.