समोरची गाडी

मुलाचं, हेमंतचं, हे वागणं पार्वताक्कांना मुळीच पसंत नव्हतं. बायकोपासून वेगळा होऊन आठ महिने झाले, तरी रोज संध्याकाळी सासू-सुनेच्या घरासमोर गाडी लावायचा, तासभर खिडकीकडे बघत बसायचा आणि निघून जायचा. ना आत यायचा, ना पाठ सोडायचा. गाडीचा उजेड पडद्यावर सरकला, की सून कांचन हातातलं काम टाकून थिजून उभी राहायची.

कांचनचं डायलिसिस सुरू झालं, नोकरी सुटली. तिने डिसॅबिलिटी भत्त्यासाठी आणि घरभाड्याच्या सरकारी मदतीसाठी अर्ज केला. "आता सरकारपुढे हात पसरायचे!" म्हणून आक्कांनी नाक मुरडलं, आणि सुनेसोबत ऑफिसात तीन तास बसूनही आल्या.

आज पत्र आलं. नवऱ्याची गाडी रोज दारात दिसते, म्हणजे तो इथेच राहतो; त्याची कमाई धरून अर्ज नामंजूर.

आक्का चपला अडकवून रस्ता ओलांडून गेल्या. त्यांनी काच वाजवली.

"आई, मी नुसता बसतो गं. कुणाला त्रास देतो का?"

 

"दहाव्याला कावळा शिवला आणि तुझा मेलेला बाप घर सोडून गेला. तू जितंजागतं भूत झालास, आणि घर तिला सोडावं लागतंय!"